लिंबाची जागा

एक-एक. पुन्हा. तेही तळाच्या टीमशी.
पोलो ग्राउंडवरून आम्ही चौघं तसेच लारीवर आलो,
घसे बसलेले,
माझा जरा जास्तच.

हसमुखभाईंनी काही न विचारता चार सेवउसळी वाढल्या.
मोहित्यांनी टेबल पुसलं हातानंच,
मीठदाणी गोलात, चार चमचे बॅकला,
पुढे दोन पाव,
आणि मधोमध, सगळ्यांना दिसेल असं,
अर्धं लिंबू.
हा निहार घोरपडे, म्हणाले.

"आता बघ. बॉल येतोय."
कांद्याची चकती बोटानं ढकलली.
"येतोय तेव्हा हा बघतो कुठं? बॉलकडे!
अरे, बॉल तर येणारच आहे.
मागे कोण आहे ते बघ. एकदा या खांद्यावरून, एकदा त्या,
आणि मग लाव पाय.
आम्हाला शाळेत शिकवलंय हे, अनवाणी."

यतीनचं म्हणणं, टचच गेलाय.
पूर्वी चेंडू पायाशी मांजरासारखा बसायचा,
आता उधारी मागितल्यासारखा चार हात लांब पळतो.
आणि डावा पाय?
डावा त्याला देवानं नुसता उभं राहायला दिलाय.

कुंदा रेल्वेत टीसी. ड्यूटी बदलून मॅचला येते.
तिनं पाव उसळीत बुडवला, तिथंच धरून ठेवला.
"पहाटे साडेसहाला या कधी.
एकटा असतो. तीस पावलांवरून
पाण्याची बाटली पाडतो,
त्याच डाव्या पायानं. मी मोजल्यात, दहात सात."
"मग मॅचमध्ये काय होतं?"
"बाटली शिव्या देत नाही."

मग दाहोदची मॅच निघाली. निघणारच होती.
ती एक टाच मारायला गेला, चेंडू त्यांच्या पायात, गोल,
आणि तेव्हापासून पुढचा पास त्याला महाग झाला.
सगळं मागे, स्टॉपरकडे,
पोरानं पैसे मागितले की बाप म्हणतो ना,
आईला विचार.

पाय आधी गेला की छाती,
यावर दुसरा पाव संपला.
"जवा दो ने," हसमुखभाई कढईतून म्हणाले, "छोकरो छे."

मी गप्प होतो.
त्रेसष्टाव्या मिनिटाला
"खाली बस, घोरपडे!" ओरडला तो आवाज माझा.
आपल्याकडे स्टँड भरत नाहीत,
एकेक आवाज सुटा ऐकू जातो.
त्यानं वर पाहिलं होतं.
अख्ख्या मॅचमध्ये मान वर केली ती तेवढीच.

बोलता बोलता यतीननं लिंबू उचललं
आणि उसळीवर पिळलं.
"अरे!" मोहिते ओरडले.
टेबलावर मधोमध ओला गोल डाग.
"आता तिथं कोण?"
एकाचा गुडघा गेलेला, एक भरूचला बदलून गेला,
तिसरा अजून बारावीत.
आम्ही डाग वाळताना बघत बसलो.

"दोन पार्सल. तरी वेगळी."

मागून.
हेल्मेट काढलेलं नव्हतं, काच तेवढी वर.
पोटऱ्यांवर पोलो ग्राउंडची माती, मोज्याच्या रेषेपर्यंत.
केव्हाचा उभा होता ते हसमुखभाईंना ठाऊक.
त्यांनी तरी बांधली, सेव बांधली,
न मागता दोन लिंबं टाकली.
मोहित्यांनी गोलकीपर उचलून
उसळीत उगाच मीठ घातलं.
मी ताटलीत बघत राहिलो.

पिशवी हुकला अडकवून त्यानं स्कूटर काढली.
रविवारची संध्याकाळ, राजमहाल रोड,
बस, रिक्षा, मधे एक गाय, कुणी कुणाला जागा देत नव्हतं.
त्यानं डावीकडे पाहिलं.
उजव्या खांद्यावरून मागे.
परत डावीकडे.
आणि मला फट दिसलीच नव्हती
अशा ठिकाणाहून
बस आणि रिक्षा यांच्यामधून तो पलीकडे गेला.

कुणी काही बोललं नाही.
कुंदानं हात वर केला,
"भाई, अजून एक लिंबू."
मोहित्यांनी ते जुन्या डागावर ठेवलं.
ते चमचे नीट करत होते तेवढ्यात
मी लिंबू बोटभर पुढे सरकवलं.